यूएसजीएसची नदीपातळी सेवा: उत्तम, पण निधीवर टांगलेली

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची, म्हणजे यूएसजीएसची, नद्यांची पातळी आणि प्रवाह सांगणारी ही सेवा मोफत आहे आणि कामाची आहे. नदीकाठच्या मोजणी केंद्रांवर नोंद साधारण दर 15 मिनिटांनी होते आणि उपग्रहामार्गे संकेतस्थळावर येते. ताजे आकडे ‘तात्पुरते’ असतात, तपासणीनंतर बदलू शकतात, हे विसरू नका.

यंत्र पातळी मोजतं. प्रवाह बहुतेक ठिकाणी पातळी-विसर्ग वक्रावरून, म्हणजे कोणत्या पातळीला किती पाणी वाहतं हे दाखवणाऱ्या रेषेवरून, काढतात. पुरात तळ खरवडला गेला किंवा गाळ साचला, की त्याच पातळीला प्रवाह वेगळा असतो. म्हणून कर्मचारी साधारण 6 ते 8 आठवड्यांनी नदीवर जातात, पात्राचे उभे भाग पाडून प्रत्येकाची रुंदी, खोली आणि वेग मोजतात, वक्र दुरुस्त करतात. पैशाअभावी या फेऱ्या कमी झाल्या तर संकेतस्थळावरचा आलेख चालूच राहील, आकडा मात्र चुकत जाईल. बंद केंद्रापेक्षा हे जास्त घातक, कारण पूर-अंदाज याच आकड्यांवर बसवतात.

मोठी उणीव खर्चाच्या रचनेत आहे. अनेक मोजणी केंद्रांचा भार राज्यं आणि स्थानिक संस्थाही उचलतात. एकाने हात आखडता घेतला की केंद्र धोक्यात. बुडालेली नोंद नंतर भरून काढता येत नाही. संकेतस्थळावर केंद्राच्या पानावर खर्चात वाटा उचलणाऱ्या संस्थेचं नाव असतं. अंदाजपत्रक ठरण्याआधी तिला आणि आपल्या लोकप्रतिनिधीला केंद्राच्या क्रमांकासह लिहा.