प्रवाळांवर निळा दिवा की पांढरा?

नाशिकमध्ये दिवाणखान्यात समुद्र मांडायचा, म्हणजे प्रवाळ आणि माशांची खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची, तर नळाचं पाणी आधी आरओतून काढायचं आणि लिटरला साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ विरघळवायचं. एवढी उस्तवार केल्यावर प्रवाळांचे रंग खुलायलाच हवेत, आणि ते बरंचसं दिव्यावर ठरतं.

निळा दिवा, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा, लावला की झोअँथिड आणि मशरूम प्रवाळ अक्षरशः पेटतात. त्यांच्यातली प्रतिदीप्त प्रथिनं निळा प्रकाश शोषून हिरवा, नारिंगी, लाल प्रकाश बाहेर टाकतात. संध्याकाळी खोलीतले बाकीचे दिवे मालवून बघा, नजर हटत नाही. मासे मात्र निस्तेज दिसतात. मोबाइलच्या फोटोत तर सगळा निळा डागच उमटतो. कॅमेऱ्यापुढे नारिंगी फिल्टर धरावा लागतो.

पांढऱ्या प्रकाशात ती झळाळी नाही. पण माशाचा पिवळा रंग पिवळाच दिसतो, आणि प्रवाळ फिकट पडतंय की शेवाळ चढतंय, हे लगेच कळतं.

माझं झुकतं माप निळ्याला. दुपारी दोन-तीन तास सोबत पांढरा. दिवा नवा असेल तर मंद सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवा, एकदम प्रखर केलात तर प्रवाळ पांढरे पडतात. एप्रिल-मेमध्ये पाणी २६ अंशांजवळ राखायला चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, लागतोच.

आणि कुणी कठीण, म्हणजे दगडी सांगाड्याचे, प्रवाळ देऊ केले तर घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण आहे.