ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांच्या लसींसाठी कोथरूडचं हे क्लिनिक: आमचा अनुभव, थोडा सविस्तर

लहान मुलांच्या लसीकरणाचं क्लिनिक निवडताना लोक बघतात ते म्हणजे घरापासून किती लांब, डॉक्टर हसऱ्या आहेत का आणि पेनलेस वाली लस मिळते का. आमचं गणित वेगळं होतं. आमच्या लेकीला बिलियरी अट्रेशिया, म्हणजे जन्मतःच पित्तनलिका बंद, पित्ताला नवीन वाट करून देणारं कसाई ऑपरेशन (हे डॉक्टरांचं नाव आहे) झालं पण कावीळ काही उतरली नाही आणि मग लिव्हर ट्रान्सप्लांट हाच एक मार्ग उरला. वडिलांच्या लिव्हरचा तुकडा बसवला, आता ती नर्सरीत जाते, उड्या मारते, सगळं छान चाललंय. पण तिला रोज टॅक्रोलिमस घ्यावं लागतं आणि ते औषध शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतं, नाहीतर शरीर नवीन लिव्हर नाकारेल. त्यामुळे दुसऱ्या मुलाला चार दिवस ताप आणून जाणारा आजार हिला थेट अ‍ॅडमिट करू शकतो. म्हणून हा रिव्ह्यू खास अशा मुलांच्या आईबाबांसाठी आहे, बाकीच्यांनी वाचला तरी हरकत नाही.

आधी सर्वात महत्त्वाचं सांगते, कारण ह्याच एका गोष्टीसाठी मी ह्या क्लिनिकच्या डॉक्टर मॅडमना पैकीच्या पैकी मार्क देईन. लसी होतील तेवढ्या ट्रान्सप्लांटच्या आधीच घ्यायच्या असतात, नंतरवर ढकलायच्या नसतात. आम्ही पहिल्यांदा दुसऱ्या एका ठिकाणी दाखवत होतो, तिथे आम्हाला सांगितलं की बाळ आधीच आजारी आहे, वजन भरत नाहीये, उगाच लसी कशाला, ट्रान्सप्लांट होऊ दे मग निवांत बघू. ऐकायला किती समजूतदार वाटतं ना? आम्हालाही वाटलं. ट्रान्सप्लांट टीमच्या कोऑर्डिनेटरने लसीचं कार्ड मागितलं, त्यातल्या रिकाम्या ओळी बघितल्या आणि लगेच ह्या क्लिनिकचा नंबर दिला. इथे मॅडमनी पहिल्या भेटीतच कागदावर दोन रकाने पाडून दाखवले. एका बाजूला लाइव्ह लसी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, रोटाव्हायरस, तोंडातून द्यायचा पोलिओ, ज्यात जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो. दुसऱ्या बाजूला बाकीच्या, म्हणजे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात, हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकल, इंजेक्शनचा पोलिओ, फ्लूचं इंजेक्शन. दुसरा रकाना ट्रान्सप्लांटनंतरही देता येतो, साधारण ३ ते ६ महिने थांबून परत सुरू करतात आणि फ्लूचं तर त्याआधीही देतात. पण पहिला रकाना एकदा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू झाली की सहसा बंद होतो, आणि त्यातली शेवटची लस ऑपरेशनच्या निदान ४ आठवडे आधी होऊन जायला हवी. दार बंद व्हायच्या आत जेवढं उरकता येईल तेवढं उरकायचं, हे आम्हाला आधी कोणीच इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला ९ महिन्यांनंतर येते, कांजिण्यांची लस तर सरकारी यादीत नाहीच, खाजगीत साधारण सव्वा वर्षाला देतात. आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता. अशा मुलांना एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, ६ महिने पूर्ण झाल्यावर देता येते, हे मॅडमनी समजावून सांगितलं, त्याच दिवशी आमच्यासमोर ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन लावला, ऑपरेशन साधारण कधी धरताय ते विचारलं आणि तिथून उलट मोजत तारखा ठरवल्या. दोन लाइव्ह इंजेक्शनं एकतर एकाच दिवशी नाहीतर ४ आठवड्यांच्या अंतराने, एवढा नियम सांभाळून एमएमआर आणि कांजिण्या दोन्ही वयाच्या आधी दिल्या आणि एमएमआरचा दुसरा डोससुद्धा बसवला. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, हिला रक्त किंवा प्लाझ्मा कधी चढवलंय का? कारण त्यातून दुसऱ्याच्या अँटीबॉडीज अंगात येतात आणि मग पुढचे काही महिने गोवरची लस नीट लागू होत नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्या.

इंजेक्शन देण्याची पद्धतही सांगते कारण ती मला फार आवडली. लिव्हर खराब असलेल्या बाळाचं रक्त लवकर गोठत नाही. सिस्टरनी आधी ताजा रिपोर्ट बघितला, मग सर्वात बारीक सुई घेतली, मांडीत इंजेक्शन दिलं आणि नंतर अजिबात न चोळता कापसाने पूर्ण २ मिनिटं घट्ट दाबून धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मी सवयीने चोळायला हात पुढे केला तर प्रेमाने हात बाजूला केला, म्हणाल्या ताई चोळायचं नाही, आत रक्त साकळतं. लस काढताना फ्रिजचं तापमान दाखवणारी पट्टी आम्हाला दिसेल अशी लावलेली आहे, २ ते ८ डिग्रीच्या मध्ये हवं, आणि बाटलीचं नाव आणि एक्स्पायरी आपल्याला मोठ्याने वाचून दाखवतात. नुसतं फ्रिजमधून काढून टोचलं असं होत नाही.

आता दुसरी मोठी गोष्ट. ह्या क्लिनिकमध्ये पेशंट एकटं मूल नसतं, अख्खं घर असतं. ट्रान्सप्लांटच्या मुलाला स्वतःला सगळ्या लसी देता येत नाहीत आणि दिलेल्याही पूर्ण लागू होतीलच असं नाही, म्हणून आजूबाजूच्या माणसांनी आजार घरात आणायचा नाही. मॅडमनी आम्हा सगळ्यांची कार्डं मागितली. मोठ्या दादाचा कांजिण्यांचा दुसरा डोस राहिला होता तो दिला आणि सांगितलं की एमएमआर घेतलेल्या भावापासून हिला धोका नाही, कांजिण्यांच्या लसीनंतर मात्र त्याच्या अंगावर पुरळ उठलंच तर ते जाईपर्यंत दोघांना वेगळं झोपवा. आम्हा दोघांना फ्लू आणि डांग्या खोकल्याचा बूस्टर, आजी-आजोबांना फ्लू आणि न्यूमोनियाची. आमच्या सासूबाई सुरुवातीला म्हणत होत्या की गोवर-कांजिण्या म्हणजे देवी येऊन जाते, तिला अडवू नये, मॅडमनी वाद घातला नाही, शांतपणे एवढंच म्हणाल्या की आजी, तुमच्या नातीला ती झेपणार नाही, तुम्ही तिच्यासाठी लस घ्या. त्यांनी घेतली. दर वर्षी घेतात आता, आम्हालाच आठवण करतात.

पोलिओ रविवारचं प्रकरण मला वाटतं फक्त आपल्याकडच्याच आईबाबांना कळेल. तोंडातून दिलेल्या थेंबातला विषाणू नंतर काही आठवडे मुलाच्या शीतून बाहेर पडतो, त्यामुळे ट्रान्सप्लांटच्या मुलाला तर थेंब नाहीच द्यायचे पण त्याच्या घरातल्या भावंडांनाही नाही, त्यांना पोलिओ इंजेक्शनमधून. हे आम्हाला पटलं, पण दारात आलेल्या आशाताईंना कसं पटवायचं? त्या बिचाऱ्या उन्हातून घरोघर फिरतात, थेंब पाजून डाव्या करंगळीला शाई लावतात, आणि नाही म्हटलं की दारावर खडूने फुली मारून जातात, मग दुसऱ्या दिवशी त्यांचे सुपरवायझर येतात, सोसायटीत कुजबुज होते की हे लोक लसविरोधी आहेत. मॅडमनी लेटरहेडवर मराठीत चार ओळींचं पत्र दिलं, घरात अवयव प्रत्यारोपण झालेलं मूल आहे, दोन्ही मुलांचा पोलिओ इंजेक्शनने पूर्ण आहे, थेंब देऊ नयेत. आता ते पत्र दाराच्या आत चिकटवलंय. आशाताई वाचतात, वहीत नोंद करतात, लेकीची चौकशी करून जातात. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि देशाला इथवर आणलं ह्याच बायकांनी, त्यांच्याशी भांडण होऊ नये असं मला मनापासून वाटायचं. एका पत्राने ते सुटलं.

कांजिण्यांचा प्रसंगही सांगते. नर्सरीच्या ग्रुपवर मेसेज आला की वर्गातल्या एका मुलाला कांजिण्या निघाल्यात. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच ते मूल दुसऱ्यांना लागण देऊ शकतं, म्हणजे आमची तोवर त्याच्यासोबत खेळून मोकळी झालेली. आमचा जीव टांगणीला. क्लिनिकला फोन केला, रिसेप्शनच्या ताईंनी ट्रान्सप्लांट शब्द ऐकल्यावर लगेच मॅडमना दिला. आधी लस झालीये तरी इतक्या लहानपणी दिलेली, वर टॅक्रो चालू, त्यामुळे गृहीत धरायचं नाही म्हणाल्या. टायटर, म्हणजे रक्तात कांजिण्यांच्या अँटीबॉडीज किती आहेत ते, तपासायला सांगितलं, ते कमी आलं, मग ट्रान्सप्लांट टीमशी बोलून असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध चालू झालं. नुसत्या अंगावरच्या पुरळावर भागत नाही अशा मुलांचं, कांजिण्या फुप्फुसात, लिव्हरमध्ये उतरू शकतात. गोवरच्या बाबतीत तर संपर्कानंतर ६ दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीजचा डोस, द्यावं लागतं, त्यामुळे दोन दिवस वाट बघू हा सल्ला इथे चालतच नाही. हिला काही झालं नाही, आणि तो फोन वेळेत उचलला गेला ह्याचं मोल मला माहितीये. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला गोवर पसरला तेव्हा लहान मुलं दगावली, ती तर बहुतेक ट्रान्सप्लांटची नव्हती. अमेरिकेत २०१९ साली एक मोठा अभ्यास आला होता, अवयव प्रत्यारोपण झालेल्या जवळपास सात हजार मुलांचा, त्यात पहिल्या ५ वर्षांत साधारण सहातल्या एकाला लसीने टळण्यासारख्या आजारांसाठी किंवा आरएसव्ही ह्या श्वसनाच्या विषाणूसाठी अ‍ॅडमिट व्हावं लागलं होतं. आरएसव्ही सोडला तर ह्यातलं बरंच टाळता येणारं होतं, हे वाचून रात्री झोप लागली नव्हती मला.

ट्रान्सप्लांटनंतर लाइव्ह लस कधीच नाही का, असं मी विचारलं होतं, कारण पूर्वी ठाम नाही म्हणायचे पण आता काही ठिकाणी, लिव्हर किंवा किडनीची मुलं तब्येतीने स्थिर असतील, ट्रान्सप्लांटला वर्ष उलटलं असेल आणि औषधाचा डोस कमी असेल तर निवडक मुलांना देतात. मॅडमनी मोकळेपणाने सांगितलं की हो, असं करतात, पण तो निर्णय मी माझ्या क्लिनिकमध्ये बसून घेणार नाही, ट्रान्सप्लांट टीम रक्त तपासून घेईल. मला हे उत्तर आवडलं. सगळं मलाच येतं असा आव नाही.

बारीकसारीक गोष्टी. हिपॅटायटिस ए ची लस आपल्याकडे दोन प्रकारची मिळते, एक डोसवाली लाइव्ह आणि दोन डोसवाली मृत, आणि घाईत कोणीही एक डोसवाली देऊन टाकेल, इथे फाईलवर लाल पेनाने लिहिलेलंच आहे की लाइव्ह नको. गणपतीला कोकणात जायच्या आधी ती आणि टायफॉइडची झालीये का बघून घेतात. कुत्रा चावला किंवा नुसतं ओरखडलं तरी घरी हळद लावत न बसता थेट फोन करायचा, रेबीजची लस अशा मुलांना चालते, वर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, हे कार्डाच्या मागे लिहून दिलंय. आणि अशा मुलांना ताप-खोकल्याच्या पेशंटमध्ये बसवत नाहीत, सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधीची वेळ देतात, मागच्या जिन्याने आत घेतात.

आता त्रुटी. पार्किंग अजिबात नाही, गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून मुलाला कडेवर घेऊन यावं लागतं. ऑनलाइन अपॉइंटमेंट नावापुरती आहे, शेवटी फोनच करावा लागतो आणि संध्याकाळी तो बराच वेळ एंगेज लागतो. खर्च आहे, कांजिण्या, फ्लू, हिपॅटायटिस ए ह्या सरकारी यादीत नाहीत म्हणून खिशातून जातात, एमआरपीपेक्षा जास्त कधी घेतले नाहीत पण अख्ख्या घराच्या लसी धरल्या की आकडा मोठा होतो. मॅडम स्वतःच सांगतात की न्यूमोकोकल, पेंटाव्हॅलंट (पाच आजारांची एकत्र लस) वगैरे महापालिकेच्या दवाखान्यात फुकट घ्या, तेवढे पैसे ज्या तिथे मिळत नाहीत त्यांच्यासाठी ठेवा, असं सांगणारे खाजगी डॉक्टर मी तरी कमी बघितलेत. रविवारी क्लिनिक बंद असतं, आणीबाणीत फोन उचलतात पण लस मिळत नाही.

कोणाच्या बाळाला लिव्हर, किडनी किंवा हार्टच्या ट्रान्सप्लांटबद्दल नुसतं बोललं गेलंय, तारीख ठरली नाहीये, तरी आत्ताच फाईल घेऊन जा, लसीचं कार्ड, सगळे ब्लड रिपोर्ट, रक्त चढवलं असेल तर त्याची तारीख, आणि घरातल्या प्रत्येकाचं जे काही कार्ड सापडेल ते सोबत घ्या. फ्लूची नवीन लस साधारण एप्रिल-मे मध्ये येते, पाऊस सुरू व्हायच्या आत घ्यायची असते कारण आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, स्टॉक लवकर संपतो तेव्हा आधी फोन करून घरातल्या सगळ्यांचे डोस बाजूला ठेवायला सांगा, ठेवतात.