एक धार बघून गाय घेऊ नका, माझे ९५ हजार असे गेले

मी लांजा तालुक्यातला. मुंबईला बारा वर्षं नोकरी केली, लॉकडाऊनमध्ये गावी आलो तो परत गेलोच नाही. घरी दोन गायी होत्या, जर्सी क्रॉस, दोघींचं मिळून दिवसाला नऊ-दहा लिटर. डेअरीवर दूध घालून पेंडीचे पैसे वजा केले की हातात काहीच उरत नव्हतं. म्हणून ठरवलं दूध वाढवायचं आणि नीट नव्या पद्धतीने करायचं. जांभ्याच्या जुन्या गोठ्यात रबर मॅट टाकली, दोन पंखे लावले, दावणीला कायम पाणी राहील अशी टाकी केली, मोबाईलवर रोज व्हिडिओ बघायचो. त्यातच एक दिवसाला वीस लिटरची एचएफ (होल्स्टीन, काळी-पांढरी विदेशी जात) घ्यायची हे डोक्यात बसलं आणि बँकेचं कर्ज काढलं. आई नको म्हणत होती. आपल्याकडे पावसात चार महिने ओल, उन्हाळ्यात घामाच्या धारा, त्यात गोचिडांचा त्रास, एचएफला हे झेपत नाही हे तिचं म्हणणं बरोबर होतं. पण मी फसलो ते हवेमुळे नाही, म्हणून हे लिहितोय.

ओळखीच्या एकाने एका व्यापाऱ्याचा नंबर दिला. आंबा घाट चढून आम्ही दोघं त्याच्या गोठ्यावर पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. गाय काळी-पांढरी, दिसायला देखणी. कास एवढी भरलेली की ती मागचे पाय फाकवून उभी होती आणि सडांतून थेंब थेंब दूध गळत होतं. मला वाटलं बघा किती दूध आहे हिला! आज मला ते दृश्य आठवलं तरी पोटात कालवतं, कारण ते गळणारं दूध म्हणजेच ती तुंबवलेली असल्याची खूण होती आणि ती माझ्या डोळ्यांसमोर होती.

धार काढायच्या आधी एक पोरगा गायीच्या मानेपाशी गेला, खांद्यावर टॉवेल होता त्याच्या. मान खाजवतोय असं वाटलं. मिनिटभरात गायीने पान्हा सोडला आणि मशीन लावलं, बादली भरली, दुसरी लागली. काट्यावर ११ लिटर. व्यापारी म्हणाला, दादा एका वेळचं अकरा, दिवसाचं बावीस धरा, दुसऱ्या वेताची आहे, व्यायला पंधरा दिवस झाले, अजून चढणार. शेजारी पाडी बांधलेली होती. कानात नोंदणीचा पिवळा बिल्ला होता. सौदा ९५ हजाराला ठरला, गाडीभाडं ९ हजार वेगळं. निम्मे रोख आणि निम्मे ऑनलाईन दिले, ऑनलाईन कुणा तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर. पावती नाही, दाखला नाही. रात्री राहून सकाळची धार बघू असं माझ्याबरोबरचा मित्र म्हणाला होता, तर व्यापारी म्हणाला गिऱ्हाईक रांगेत आहे, सकाळपर्यंत गाय थांबणार नाही. मी घाई केली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ४ लिटर, संध्याकाळी ३. फोन केला तर म्हणाला गाडीचा ताण आहे, जागा बदलली, आठ दिवसांत वर येईल. आता हे खोटं पण नाही, लांबून आणलेली गाय चार-आठ दिवस दूध कमी देतेच, म्हणून तर आपण विश्वास ठेवतो. वर त्याने एसटीच्या पार्सलने पावडरची बादली पाठवली, २८०० रुपये, पाच दिवसांत तीन लिटर वाढेल म्हणाला. बादलीबरोबर एक छोटी प्लास्टिकची बाटली, लेबल नसलेली, पान्ह्याचं औषध म्हणे, धारेच्या आधी टोचायचं. मी टोचलं नाही. गाय पान्हा चोरत होती, लाथा मारत होती, पाडीला जवळ येऊ देत नव्हती. आई तिसऱ्या दिवशी पाडीकडे बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, अरे ही पाडी हिची नाय. एवढंच बोलली.

नवव्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आधी तोंड उघडून दात बघितले. दुसऱ्या वेताची गाय साधारण चार-साडेचार वर्षांची असते, तेव्हा दात नुकतेच जुळत असतात, हिचे आठही जुळलेले आणि वरून झिजलेले. पाच-सहा वेतं तरी झाली असावीत म्हणाले. मग चार कप्प्यांची प्लास्टिकची थाळी काढली, प्रत्येक सडाचं थोडं थोडं दूध एकेका कप्प्यात, वर ते जांभळट औषध आणि थाळी गोल फिरवली. तीन कप्पे पातळच राहिले, चौथ्यातलं दूध अंड्याच्या बलकासारखं घट्ट होऊन मधोमध गोळा झालं. मागचा डावा सड, जुना दगडी (कासेच्या सुजेचा आजार), आतून कडक झालेला. बाहेरून हात फिरवला असता तरी कळलं असतं, पण कास तुंबलेली असताना सगळेच सड कडक लागतात. बिल्ल्याचा बारा अंकी नंबर त्यांनी मोबाईलवर टाकला तर तो भलत्याच जनावराचा निघाला, जर्सी, लाल रंगाची. कानाला जुन्या बिल्ल्याचं भोक वेगळं दिसत होतं, ते मी बघितलंच नव्हतं. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बंद आहे, म्हणून हे लोक बिल्ला लावतात जरूर, पण कुणाचा ते बघायचं काम आपलं.

बाटली बघून डॉक्टर चिडलेच. ऑक्सिटोसिन असणार, म्हणाले. ते दूध तयार करत नाही, कासेत असलेलं खाली सोडतं फक्त, आणि रोज टोचलं की जनावर त्याच्याशिवाय पान्हा सोडत नाही. आमची गाय लाथा का मारत होती ते तेव्हा कळलं, त्या मुक्या जनावराला बिचारीला सवयच लावली होती. दूध काढायला असं टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. आणि ११ लिटरचा हिशोब पण लागला. आदल्या दिवशी सकाळी शेवटची धार काढली असणार, मग संध्याकाळची नाही, सकाळची नाही, म्हणजे तीन वेळांचं दूध एकदम, साडेतीन-चारच्या हिशोबाने तेवढंच होतं. पावडरवर लिंबू पिळलं तर फसफसली. मिनरल मिक्श्चरमध्ये पण चुनखडी असतेच, ती फसफसते, त्यात वावगं काही नाही असं डॉक्टर म्हणाले, पण बादलीवर कंपनीचं नाव नाही, काय किती आहे ते नाही, आयएस १६६४ चा (मिनरल मिक्श्चरच्या भारतीय मानकाचा) मार्क नाही, मग २८०० कशाचे?

व्यापाऱ्याचा फोन बंद. पोलिसांत अर्ज दिलाय, पण लिहून दिलेलं काहीच नाही त्यामुळे पुढे सरकत नाही. बँकेचा हप्ता दर महिन्याला जातोय.

गाय बघायला जाणाऱ्यांनी एवढं तरी करा. पहिली धार धरूच नका, ती समोर पूर्ण रिकामी करून घ्या, तिथेच मुक्काम करा, दुसऱ्या दिवशीची सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही मोजा, त्या दोनचीच बेरीज खरी. जमलं तर तिसरी पण. धारेच्या वेळी मानेपाशी, मांडीपाशी कुणाला जाऊ देऊ नका. बिल्ल्याचा नंबर आपल्या डॉक्टरांना आधी पाठवा, चारही सडांचं दूध तपासा, आणि हे सगळं चालेल का असं विचारल्यावर जो घाई करतो त्याच्या दारातून परत या, गाडीभाडं गेलं तरी चालेल.

दूध वाढलं ते माझ्या जुन्या दोन गायींचं. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर दूध येत नाही. आता शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया मोजून पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर शिंपडून, दाबून एकवीस दिवस झाकून ठेवतो (प्रमाण डॉक्टरांसमोर शिका, युरिया जास्त झाला तर जनावर मरतं). बांधावर संकरित नेपियर गवत लावलंय. खुराक अंदाजाने घमेलंभर न टाकता मोजून, अंगासाठी दीड-दोन किलो आणि वर प्रत्येक अडीच लिटरला एक किलो. व्यायच्या आधी दोन महिने पूर्ण आटवायची. अडीच-तीन महिने लागले, पण दोघींचं मिळून तेराच्या वर गेलं, बाहेरून काहीही न आणता. हे मी ९५ हजार घालवायच्या आधी केलं असतं तर, हा विचार रोज येतो.

ती एचएफ अजून आमच्याच दावणीला आहे. गेल्या महिन्यात दुसरा एक व्यापारी दारात आला, गाय बघितली, ४० हजार देतो म्हणाला. मी सड खराब आहे, वय जास्त आहे, सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, त्याचं टेन्शन घेऊ नका हो, तुम्ही फक्त परवा सकाळनंतर धार काढू नका, तेरवा संध्याकाळी मी गिऱ्हाईक घेऊन येतो.

हप्ता थकलेला होता, खोटं कशाला बोलू, क्षणभर मी गप्प राहिलो. मग त्याला जायला सांगितलं. संध्याकाळी रोजच्या वेळेला धार काढली, साडेतीन लिटर भरली.