एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज: चोर आधीच कळतो, तरी पुस्तक खाली ठेववत नाही

सुट्टीत पोराच्या हातात मोबाईल सोडून दुसरं काहीतरी द्यायचं म्हणून जुन्या पुस्तकांच्या ढिगातून हे उचललं. एरिश केस्टनरचं, मूळ जर्मन, १९२९ सालचं, आम्हाला मिळाली ती इंग्रजी कॉपी. कव्हर सुटलेलं, पानं पिवळी, आधीच्या मालकाने समासात पेनाने भागाकार केलेले. चिरंजीव चौथीत, इंग्रजी वाचतो पण दोन पानात कंटाळतो, म्हणून मग रोज रात्री मीच वाचायचे आणि मराठीत सांगायचे, पाच रात्रीत फडशा.

एमिल लहान गावातला मुलगा, वडील नाहीत, आई घरीच बायकांचे केस धुऊन सेट करून देते आणि त्यावर दोघांचं चालतं. ती त्याला एकट्याला ट्रेनने बर्लिनला आजीकडे पाठवते, सोबत १४० मार्क. ‘म्हणजे किती रुपये?’ लगेच प्रश्न आला. म्हटलं रुपये सोड, ती बाई आठवड्याला ३५ मार्क कमावते, आता तूच कर हिशोब. ‘चार आठवडे??’ आणि तिथून पुढे साहेब एकदम सिरियस. एमिल ट्रेनमध्ये त्या नोटा टाचणीने कोटाच्या अस्तराला टोचून ठेवतो तर आमच्याकडे ‘अजून एक टाचणी लाव ना’ सुरू. डब्यातला हॅटवाला माणूस चॉकलेट पुढे करतो तेव्हा तर ‘खाऊ नको रे!’ असं ओरडला की आजी आतून उठून आल्या. एमिल खातो अर्थात. मग झोप लागते, उठतो तर माणूस गायब आणि पैसेही.

म्हणजे चोर कोण हे शोधायचंच नाहीये. शोधायचंय ते हे की पैसे परत मिळवायचे कसे, आणि मिळाले तरी ते आपलेच हे सिद्ध कसं करणार, नोटेवर काय नाव लिहिलेलं असतं होय? उत्तर सांगत नाही, पण ते आधीच तुमच्या नाकासमोर ठेवलेलं असतं आणि आमच्या बाबतीत ते माझ्या आधी पोराला सुचलं (हे तो अजून सगळ्यांना सांगतोय).

पोलिसात का जात नाही याचं कारण मला फार आवडलं. गावातल्या पुतळ्याला यानेच खडूने लाल नाक आणि काळ्या मिशा काढलेल्या असतात, मित्रांनी वर उचलून धरलेलं, आणि तेवढ्यात हवालदार येतो. त्यामुळे पोलीस दिसला की याच्या पोटात गोळा. मोठ्यांना हे फालतू वाटेल पण चौथीतल्या पोराला शंभर टक्के पटतं.

मग बर्लिनमध्ये भोंगा वाजवत फिरणारा गुस्टाव भेटतो, तो आपली गँग गोळा करतो, चष्मेवाला प्रोफेसर वगैरे. पण यात कोणी सुपर हुशार नाही. पोरं आधी खिशातली चिल्लर एकत्र करून मोजतात, घरी काय सांगायचं ते ठरवतात, परवलीचा शब्द ठरतो, आणि दीनस्टाग नावाच्या बारक्याला घरी फोनपाशी बसवतात. सगळी मजा रस्त्यावर चाललीय आणि हा बिचारा फोनपाशी, पण जागा सोडत नाही. मला विचाराल तर पुस्तकाचा हिरो तोच.

खटकलं ते एकच, गँगमध्ये मुलगी नाही. मामेबहीण, मावसबहीण जी काय असेल ती पोनी, सायकलवर येते, भारी बोलते, पण पाठलागाला तिला नेत नाहीत आणि शेवटच्या पार्टीत ती एप्रन बांधून सगळ्यांना वाढतेय. १९२९ असलं म्हणून काय झालं. आमची धाकटी सहा वर्षांची, तिनेही विचारलंच, ‘ती का नाही गेली?’ आपल्या फास्टर फेणेवर वाढलेल्यांना यातला वेग जरा कमी वाटेल, सुरुवात तर रमतगमतच आहे, पण ट्रेन सुटेपर्यंत धीर धरा. वॉल्टर ट्रायरची चित्रं मात्र साध्या रेघांची आणि अफलातून. आठ ते अकरा वयाला परफेक्ट. आणि शेवटी आजी काय शिकवण काढते माहितीये, पैसे नेहमी मनिऑर्डरनेच पाठवावेत! आमच्या आजींनी हे ऐकून जोरात मान हलवली.

तर आता घरात गँग स्थापन झालीय. भोंगा नाही म्हणून स्टीलचा पेला आणि चमचा, संशयित म्हणजे वरच्या मजल्यावरचे काका कारण ते हॅट घालतात, आणि धाकटीला दीनस्टाग केलंय. काल जेवायला हाक मारली तर ती हलेना, बंद पडलेला लँडलाईन मांडीवर घेऊन बसलेली, म्हणाली, ‘ड्युटीवर आहे, इथेच वाढ.’