चरित्र भूमिकांसाठी सातारा सोडावा का?

राज्य नाट्य स्पर्धेत बक्षीस मिळालंय, दोन मालिकांत तलाठी आणि हवालदार करून झालेत. आता नोकरी सोडून अंधेरी गाठायची का, असं विचारणारे साताऱ्यात बरेच भेटतात. चरित्र अभिनेत्याला, म्हणजे नायक-नायिकेभोवतीच्या भूमिका करणाऱ्याला, काम तुकड्यातुकड्यानं मिळतं. मधल्या दिवसांत घर कशावर चालणार, हे आधी ठरवावं लागतं.

साताऱ्यात राहण्याच्या बाजूनं आज भरपूर सांगता येतं. ‘गंगाजल’, ‘स्वदेस’पासून वाई-मेणवलीचा परिसर हिंदीवाल्यांच्या ओळखीचा आहे. ‘लागिरं झालं जी’सारख्या मालिकेचं युनिट तर जिल्ह्यातच मुक्कामाला होतं. शेती किंवा नोकरी सांभाळून शूटिंगच्या सकाळी सातच्या कॉलला दुचाकीवर वाई गाठता येते. गावाकडच्या मालिकेत सातारी हेलही कामी येतो.

पण इथे वाट्याला काय येतं, ते नीट बघा. नायकाचा काका, आमदार, सासरा यांचं कास्टिंग बहुतेक वेळा मुंबईतच उरकलेलं असतं. ती मंडळी येऊन हॉटेलात उतरतात. लोकल कास्टिंगला उरतो सरपंच, पोलीस पाटील, नाहीतर गर्दीतून पुढे येऊन एक वाक्य बोलणारा. सातला मेकअप करून खाकी चढवायची, जेवणाच्या ब्रेकपर्यंत झाडाखाली बसायचं. चारला ऊन उतरायला लागलं की दिग्दर्शक सीन आखडता घेतो आणि तुमच्या तीन वाक्यांचं ‘जी साहेब’ होतं. त्या दोन शब्दांत उभं राहण्याची ढब, साहेबांकडे वळणारी नजर, टोपी सावरणारा हात, हे सगळं जो आणतो, तो मला मोठा नट वाटतो. पुढचं काम मात्र त्यावर मिळेलच असं नाही.

कंटिन्युइटीचा, म्हणजे आधीच्या सीनसारखंच दिसत राहण्याचा, जाच वेगळाच. मिशी राखून पहिलं शेड्यूल झालं की दुसरं लागेपर्यंत ती तशीच ठेवायची. त्या दिवसांचे पैसे सहसा कुणी देत नाही, आणि तेवढ्यात बिनमिशीची भूमिका आली तर सोडून द्यावी लागते. हे दोन्हीकडे सारखंच आहे, फक्त मुंबईत जास्त टोचतं, कारण तिथे भाडं चालू असतं.

मुंबईचा खरा फायदा म्हणजे ‘उद्या येता का?’ या फोनला हो म्हणता येतं. चरित्र भूमिका पुष्कळदा अशा ऐनवेळीच मोकळ्या होतात. अंधेरीतल्या आरामनगरच्या ऑडिशन्स, जाहिराती, डबिंग, वेब सिरीज हे सगळं हाताशी असतं. पण मालिकेचे पैसे साधारण ९० दिवसांनी येतात, वर १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, जातो (रिटर्न जरूर भरा, परतावा मिळू शकतो) आणि काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन वेगळं. पहिलं काम मिळाल्यावरही तीन-चार महिने खिशातूनच काढायचे.

सयाजी शिंदे यांचं उदाहरण आपल्याकडे हमखास निघतं. सातारा जिल्ह्यातल्या वेळे-कामथीचा मुलगा पाटबंधारे खात्यात वॉचमन होता आणि १९९९च्या ‘शूल’नंतर तेलुगू-तमिळपर्यंत पोचला, याचा मलाही अभिमान आहे. पण त्याआधी नोकरी करत रंगभूमीवर काढलेली वर्षं कुणी मोजत नाही, आणि निर्णय घेताना नेमकी तीच मोजायला हवीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तिशीच्या आत असाल, हिंदी साफ असेल आणि वर्षभराचा खर्च बाजूला असेल तर जा, आणि गेल्यावर तिथलं नाटक सोडू नका. पंचेचाळिशी ओलांडली असेल तर नोकरी सोडू नका. वडील, न्यायाधीश, मुख्याध्यापक या भूमिका वयानं जवळच येतात. चांगल्या उजेडात केलेली सेल्फ-टेप, म्हणजे स्वतःच रेकॉर्ड केलेली ऑडिशन, साताऱ्यातूनही पाठवता येते, निवड झाली तर रजा टाकून जाता येतं.

सांगलीकरांचं थोडं अवघड आहे. सांगलीत १८४३मध्ये झालेल्या ‘सीता स्वयंवर’ नाटकापासूनची रंगभूमी पाठीशी आहे, पण वाईची रोजची ये-जा तिथून परवडत नाही. त्यांना घरी राहून करण्यासारखं कॅमेऱ्याचं काम कमीच मिळेल.

कुठेही राहा, ऑडिशनसाठी किंवा भूमिकेसाठी पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका. होकार देण्याआधी मोबदला, दिवस, प्रवासखर्च आणि मुक्काम व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. तारखा पुढे ढकलल्या तर काय, हेही त्याच मेसेजमध्ये विचारा.