एकच प्लायवूड शीट: एचओ, एन की एचओई?

मॉडेल रेल्वेसाठी ८ बाय ४ फुटांची शीट मांडण्याआधी त्यावर काय पळवायचं ते ठरवा: भुसावळच्या मेल-एक्सप्रेस, तिथल्या यार्डातल्या मालगाड्या, की पाचोरा-जामनेरची जुनी नॅरोगेज ‘पीजे’. स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीपेक्षा किती पट लहान, ते त्यावरून ठरतं.

लांब गाड्या हव्यात तर एन (१:१६०, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ९ मिमी). एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीचा एक्सप्रेसचा डबा साडेतेवीस मीटरचा. एनमध्ये तो १४.७ सेंमी, एचओत (१:८७, गेज १६.५ मिमी) २७ सेंमी. शीटवर ५०५ मिमी त्रिज्येची वळणं टाकली की सरळ रूळ उरतो १.३ मीटर. तेवढ्यात एचओचं इंजिन आणि जेमतेम चार डबे उभे राहतात, एनचे आठ. वळणाची त्रिज्या डब्याच्या निदान तिप्पट असावी, म्हणजे एचओत ८१० मिमी. चार फुटांत ती बसत नाही. ५०५वर गाडी फिरते खरी, पण कपलर (डबे जोडणारा आकडा) बोगीऐवजी, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या फिरत्या गाड्याऐवजी, डब्याच्या सांगाड्याला असेल तर तो शेजारच्या डब्याला रुळावरून खाली ओढतो. रुळावरून रूळ न्यायचा असेल तर एचओत पुलाच्या जाडीसह ८५ मिमी उंची लागते. २ टक्के चढावाने चढायला सव्वाचार मीटर, उतरायला तेवढेच. शीटवरचा अख्खा फेराच सहा मीटरच्या आत आहे! एनला ४८ मिमी पुरतात, त्यामुळे जमतं.

एनची खोट दुसरीकडे आहे. भारतीय गाड्यांची तयार मॉडेलं बहुतेक एचओतच मिळतात. शिवाय इंजिन हलकं, त्यामुळे रुळावर थोडी धूळ बसली तरी अडखळतं. उन्हाळ्यातला फुफाटा आणि जिनिंगच्या दिवसांतले कापसाचे तंतू आसाला गुंडाळले जातात ते वेगळंच. रूळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, तंतू न सोडणाऱ्या फडक्याने. सँडपेपर नको, ओरखड्यांत काजळी साचते.

यार्डातलं शंटिंगच (डबे मागेपुढे हलवून जोडणं-तोडणं) करायचं असेल तर बिनधास्त एचओ घ्या. बॉक्सएन वाघीण जेमतेम १२.३ सेंमीची, छोट्या वळणांवरही शहाण्यासारखी वागते.

पीजेचं गणित तर मजेदार आहे. तिचं गेज ७६२ मिमी होतं. ८७ने भागा, ८.८ येतात. म्हणजे डबे एचओच्या मापाचे, रूळ एनच्या गेजचे: हेच एचओई. एनच्या चॅसिसवर थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी बसवायची, फक्त आधी दोन्हींचा व्हीलबेस (आसांमधलं अंतर) मोजून घ्या. एनचा तयार ट्रॅक वापरलात तर स्लीपर फार बारीक आणि दाट दिसतात. खडीने झाका किंवा एचओईचाच ट्रॅक घ्या.

स्केल कोणतंही असो, ९१४ मिमी फ्लेक्स (वाकवता येणाऱ्या) ट्रॅकचा निकल-सिल्व्हर रूळ १५ अंशांवरून ४५वर गेला की सुमारे अर्धा मिमी वाढतो. जानेवारीत रूळ टाकताना प्रत्येक सांध्यात व्हिजिटिंग कार्डाच्या दोन जाड्यांएवढी फट ठेवा. मे महिन्यात टाकत असाल तर जवळजवळ टेकवा. वीज नीट पोचावी म्हणून सगळे जॉइनर (रूळ जोडणाऱ्या पट्ट्या) सोल्डर केलेत तर फटी जातात आणि वळण बाहेर फुगतं. त्यापेक्षा दर मीटरला रुळाला वीज देणारी फीडर वायर जोडा.