किनाऱ्यावर जुना थिंकपॅड टी४८०: झाकण उघडल्याशिवाय पैसे मोजू नका

मुंबई-पुण्याच्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप लॉटने काढून टाकतात. तेच पुढे लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून, कुरिअरच्या खोक्यातून किंवा ओळखीच्या कुणाच्या हातून चिपळूण, रत्नागिरी, कुडाळपर्यंत उतरतात. त्यात लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० बराच दिसतो. मॉडेल २०१८ चं आहे. हिशेब, जीएसटीची बिलं, आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी, होमस्टेचं बुकिंग, मुलांचा अभ्यास एवढ्या कामाला तो आजही पुरून उरतो. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग करायचं असेल तर मात्र याच्या वाटेला जाऊ नका.

आधी नाव नीट वाचा, कारण टी४७०, टी४८०, टी४८०एस हे तिघे शेजारी ठेवले तर भावंडं वाटतात. फरक मोठा आहे. टी४७० मध्ये सहाव्या-सातव्या पिढीचा दोन कोअरचा प्रोसेसर असतो आणि तो विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तो स्वस्तात मिळाला तरी महागात पडतो. ओळखायचं कसं? टी४७० ला आयताकृती चार्जिंग पिनचं भोक असतं. टी४८० ला ते नाही, त्याऐवजी दोन टाइप-सी पोर्ट असतात. टी४८०एस पातळ आहे, पण त्यात थोडी रॅम बोर्डलाच डकवलेली असते, वाढवायला एकच स्लॉट मिळतो आणि मागची काढता येणारी बॅटरी नसते. दुकानदार 'एस तर वरचं मॉडेल' म्हणून गळ्यात मारतो. वजनाच्या बाबतीत ते खरंही आहे, पण इथे पुढची चार वर्षं दुरुस्त करत वापरायचा असेल तर साधा टी४८० च बरा.

प्रोसेसर आय५-८२५०यू आहे की ८३५०यू, यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. वापरताना फरक कळत नाही. स्क्रीनचा फरक मात्र डोळ्यांना रोज कळतो. १३६६ बाय ७६८ चा पॅनल फिका असतो आणि जरा बाजूने पाहिलं की रंग उलटतात. १९२० बाय १०८० चा आयपीएस पॅनलच घ्या, त्याचे रंग बाजूने पाहिलं तरी टिकतात. तोही फार उजळ नाही. पडवीत दुपारच्या उजेडात बसून काम करायचं ठरवलंत तर डोळे बारीक करावे लागतील.

आता एसएसडी, म्हणजे ज्यात सगळा डेटा साठतो ती ड्राइव्ह. जाहिरातीत '२५६ जीबी एसएसडी' एवढंच लिहिलेलं असतं. खरा प्रश्न कुठली आणि किती झिजलेली, हा आहे. टी४८० मध्ये अडीच इंची ड्राइव्हची एक जागा असते. तिच्यात दोनांपैकी एक गोष्ट असते: केबलने जोडलेली साटा (जुन्या, हळू जोडणीची) ड्राइव्ह, नाहीतर ट्रेमधल्या अडॅप्टरवर बसवलेली एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची). केबल वेगळी आणि ट्रे वेगळा, म्हणून साटावरून एनव्हीएमईवर जायचं तर तो ट्रेही विकत घ्यावा लागतो. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जातो. एनव्हीएमईला इथे पीसीआयई ३.० च्या दोनच लेन (डेटा जायच्या वाटा) मिळतात, त्यामुळे कितीही महागडी ड्राइव्ह घातली तरी दीड हजार एमबीच्या थोडं पुढे जाऊन ती थांबते. चौथ्या पिढीच्या ड्राइव्हवर पैसे उडवू नका. आणि खरं सांगायचं तर टॅलीत किंवा ब्राउझरमध्ये साटा-एनव्हीएमईचा फरक घड्याळ लावून बसल्याशिवाय कळत नाही.

पेनड्राइव्हवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची तब्येत दाखवणारा प्रोग्राम घेऊन जा आणि दुकानातच चालवा. हेल्थचा टक्का, पॉवर-ऑन तास आणि एकूण लिहिलेला डेटा हे तीन आकडे बघायचे. ऑफिसचा लॅपटॉप दिवसाला आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस चालला तर पाच वर्षांत दहा हजार तास होतात. हा आकडा दिसला तर दचकू नका. लिहिलेल्या डेटाचं माप असं धरा: सॅमसंगच्या २५० जीबीच्या ८६० ईव्हीओला कंपनीची हमी १५० टीबी लिहिण्यापर्यंत होती. ऑफिसातल्या ड्राइव्हवर १५-२० टीबी लिहिलेले दिसले तर ती अजून तरुण आहे. एनव्हीएमईमध्ये 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य हवं. साटामध्ये 'रीअलोकेटेड सेक्टर' (खराब झाल्याने बदललेले भाग) वाढलेले असतील तर ती ड्राइव्ह बाद.

उलट पॉवर-ऑन बारा तास, हेल्थ शंभर टक्के आणि नावाच्या जागी कंपनीच नाही, नुसतं 'एसएसडी २५६ जीबी', असं दिसलं की सावध व्हा. मूळ ड्राइव्ह काढून त्या जागी मिळेल ती स्वस्त ड्राइव्ह बसवलेली असते. सॅमसंग, तोशिबा किंवा एसके हायनिक्सची दहा हजार तास चाललेली, नव्वद टक्के हेल्थची ड्राइव्ह या नव्या बिननावाच्या ड्राइव्हपेक्षा कधीही विश्वासाची. शंका असेल तर २०-३० जीबीची फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करा. पहिले काही जीबी झरझर जातात, कारण ते ड्राइव्हमधल्या वेगवान कॅशेत पडतात. कॅशे भरली की भुक्कड ड्राइव्ह सेकंदाला ३०-४० एमबीवर येते, कधी मधेच गोठते. दहा मिनिटांत निकाल लागतो.

गणपतीला आणि शिमग्याला उघडणाऱ्या घरांसाठी एक वेगळी सूचना. एसएसडीत डेटा विजेच्या भाराच्या रूपात साठलेला असतो आणि वीज न मिळता पडून राहिला की तो हळूहळू झिरपतो, गरमीत अधिक वेगाने. घरगुती वापराच्या एसएसडीसाठी जेडेक या संस्थेचं प्रमाण असं आहे की लिहिण्याची मर्यादा संपत आलेल्या ड्राइव्हनेही ३० अंश तापमानाला वर्षभर बंद राहून डेटा सांभाळावा. कपाटात मे महिना ३० अंशांवर थांबत नाही. झिजलेली ड्राइव्ह असलेला लॅपटॉप गावच्या घरात ठेवून जाणार असाल तर सातबाऱ्यापासून फोटोंपर्यंत सगळ्याची दुसरी प्रत बाहेर ठेवा.

किनाऱ्यावर यंत्राला खरा त्रास खाऱ्या हवेचा. बोर्डवर बसलेलं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. त्या ओल्या थरातून वीज वाहिली की तांबं खाल्लं जाऊ लागतं आणि शेजारशेजारच्या पिनांमध्ये हिरवट-पांढरी भुकटी जमते. रोज चालणारं यंत्र गरम होऊन कोरडं राहतं. सगळा पावसाळा बॅगेत पडलेलं यंत्र जास्त खराब होतं. म्हणूनच स्थानिक विक्रेत्याकडचा 'फार कमी वापरलेला' टी४८० मुंबईच्या एसी ऑफिसात पाच वर्षं राबलेल्या टी४८० पेक्षा वाईट निघू शकतो. बाहेरचं प्लास्टिक काहीच सांगत नाही. मागचं झाकण उघडायलाच हवं, आणि विक्रेता उघडू देत नसेल तर तेच उत्तर समजा.

उघडण्याची रीत अशी. लॅपटॉप सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) जा, कॉन्फिगमधल्या पॉवरमध्ये 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' निवडा, म्हणजे आतल्या बॅटरीचा पुरवठा बंद होतो. मग चार्जर आणि मागची बॅटरी काढा. मागे सहा स्क्रू आहेत, ते सैल होतात पण झाकणातच राहतात, हरवत नाहीत. कडेने प्लास्टिकची पातळ पट्टी फिरवून क्लिपा सोडवा, स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. आत पाहायचं ते हे: स्क्रूंची डोकी गंजलेली आहेत का, पंख्याच्या जाळीजवळ तांब्यावर हिरवी छटा आहे का, रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्यात का, यूएसबी आणि लॅन पोर्टच्या पत्र्यावर तांबडे ठिपके आहेत का. रॅमच्या पट्ट्या नुसत्या काळवंडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निघतं. चिपांच्या पायांवर भुकटी असेल तर व्यवहार मोडा. कोपऱ्यात किंवा कळांखाली चिखलाचा बारीक थर दिसला, तर ते यंत्र पाण्यातून आलेलं आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बुडालेलं यंत्र सुकवल्यावर सुरू होतं, पण गाळ आत राहतो आणि काही महिन्यांनी बोर्ड जातो.

एफ१ दाबल्यावर पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. हा सुपरवायझर पासवर्ड बोर्डवरचा छोटा सेल काढून जात नाही. विंडोज नव्याने टाकून पहिल्या सेटअपमध्ये मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून बघा. एखाद्या कंपनीचं नाव दाखवून ऑफिसचा ईमेल मागितला, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. फॉरमॅट करून ती नोंद पुसत नाही, कंपनीलाच काढावी लागते.

टाइप-सी पोर्ट ही टी४८० ची दुखरी नस. चार्जिंग फक्त त्यांच्यातूनच होतं आणि पोर्ट थेट बोर्डला डकवलेले आहेत. दोन्हींत चार्जर लावून, वायर हलकेच हलवून बघा. शिवाय सुरुवातीच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये (टाइप-सी पोर्ट चालवणाऱ्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये) एक खोट होती: ते आपल्याच चिपमध्ये लिहीत राहायचं, चिप भरली की टाइप-सी आणि एचडीएमआय रुसायचे. लेनोव्होने दुरुस्त फर्मवेअर दिलं आहे. यंत्र घरी आणल्यावर पहिलं काम ते टाकण्याचं. आधीच बिघडलेलं असेल तर प्रोग्रामर नावाचं यंत्र लावून चिप पुन्हा लिहावी लागते, आणि तसा कारागीर तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही. चार्जर ४५ किंवा ६५ वॉटचा हवा. मोबाइलच्या १८ वॉटवर हे चालत नाही.

बॅटऱ्या दोन. आतली २४ वॉट-अवरची आणि मागची २४, ४८ किंवा ७२ ची. मागची आधी उतरते, मग आतली, आणि आतलीच्या जोरावर चालू लॅपटॉपची मागची बॅटरी बदलताही येते. महावितरणच्या भरवशावर राहणाऱ्यांना ही सोय नव्या चकचकीत लॅपटॉपांत मिळत नाही. कमांड प्रॉम्प्टमधून विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' यांची तुलना करा. साठ टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सांगितलेल्या भावातून वजा करूनच बोला. टचपॅड वर उचललेला दिसला तर आतली बॅटरी फुगली आहे, ती वापरूच नका. दिवसभर चार्जरवर राहणार असेल तर लेनोव्हो व्हँटेज या कंपनीच्या ॲपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा.

बाकीचं झटपट. नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबा. कळफलक खराब निघाला तरी झाकणाखालचे दोन स्क्रू सैल करून तो बदलता येतो. रॅमचे दोन स्लॉट आहेत, डीडीआर४. आठ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी आठची घाला, ग्राफिक्सलाही फायदा होतो. इतक्या वर्षांची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) सुकलेली असणारच, पंखा साफ करताना ती बदलून घ्या. आणि याला खरा लॅन पोर्ट आहे. चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात वायफाय माजघरापर्यंत पोचत नाही, तिथे राउटरपासून वायर ओढली की प्रश्न मिटतो. वळवाच्या गडगडाटात मात्र चार्जरबरोबर ती वायरही काढून ठेवायची. वीज तिच्यातूनही आत येते.